सात नंबरचं चाक

मी चाक बोलतोय. गाडीचं नाही, विहिरीवरचं नाही, नशिबाचं तर मुळीच नाही. मी उंदराच्या पिंजऱ्यातलं चाक. माझ्यावर चढून पळणारे कोसच्या कोस पळाले, पण एकही जण कुठे पोचला नाही. असा आमचा धंदा.

सध्या माझा मुक्काम एका खिडकीच्या कठड्यावर आहे. समोर एक पलंग, पलंगावर एक बाई, आणि पायथ्याशी शिलाई मशीन. इथे मी कसा आलो ते सांगायचं म्हणतोय. सांगितलं की मन हलकं होतं म्हणतात. मला मन आहे की नाही हे कुणी तपासलेलं नाही, कारण मी ज्या लोकांत राहिलो ते मोजता येईल तेवढंच खरं मानायचे.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. वेल्डरला एकदम बारा चाकांचं काम मिळालं होतं आणि जेवणाची सुट्टी जवळ आली होती. सातव्या चाकाची, म्हणजे माझी, एक सळई त्याने वाकडी बसवली. शेजारचा म्हणाला, "अरे, तिरकी गेली ती." वेल्डर म्हणाला, "चालतंय रे, उंदराला काय मिरवायला जायचंय?" त्या घाईपायी मी जन्मभर कुरकुरा राहिलो. प्रत्येक फेऱ्याला माझ्यातून एकदा 'कुंई' असा आवाज निघायचा. पुढे या आवाजाचं फार महत्त्व होतं, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

तिथून आम्ही बाराही जण एका मोठ्या इमारतीच्या तळघरात गेलो. खोलीला खिडकी नव्हती. दिवसा तिथे लाल दिवा लावायचे आणि रात्री पांढरा. उंदीर अंधारात पळतात, आणि माणसांना तर रात्री घरी जाऊन झोपायचं असतं. मग माणसांनी स्वतःची झोप राखली आणि उंदरांचा दिवसच उलटा करून टाकला. लाल उजेड त्यांना अंधारासारखाच.

वरच्या फळीवर बारा पिंजरे, त्यांत आम्ही बारा चाकं. खालच्या फळीवर बारा पिंजरे, त्यांत उंदीर होते, पण चाक नव्हतं. वरच्या उंदरांच्या शेपटीवर हिरवी रेघ होती, खालच्यांच्या काळी. हिरवे पळणारे, काळे बसणारे. माझ्या कडेवर औषधाच्या गोळीएवढं लोहचुंबक चिकटवलं होतं. मी एक फेरा घेतला की ते एका बारीक यंत्रासमोरून जायचं आणि बाहेरच्या कॉम्प्युटरवर आकडा एकाने वाढायचा.

हा सगळा पसारा मॅडमचा. वयाने तिशीच्या आतबाहेर, केस नेहमी पेन्सिल खोचून बांधलेले. आणि पिंजऱ्यांची देखभाल काकांची. पेंढा बदलायचा, पाणी भरायचं, आम्हाला घासायचं. काकांना कामाबरोबर बोलायची सवय होती. ऐकायला कुणी नसलं तर उंदरांशी, आणि उंदीर झोपलेले असले तर माझ्याशी. त्यामुळे त्यांच्या घरचं सगळं मला तोंडपाठ.

काकांची बायको शिंपीण होती. दीड वर्षापूर्वी कापडाचा तागा खांद्यावर घेऊन दुकानाचा जिना उतरताना तिचा पाय घसरला. मणका मोडला. आतली दोरी तुटली नव्हती, पण चेचली गेली होती. कमरेखालचं अंग गेलं. डॉक्टर म्हणाले होते, थोडी आशा आहे, व्यायाम सोडू नका. म्हणून काका रोज सकाळी कामाला येण्याआधी आणि संध्याकाळी गेल्यावर तिचे पाय वाकवायचे, ताणायचे, सायकल चालवल्यासारखे फिरवायचे. तिला ते सोसायचं नाही. ती रडायची, कधी शिव्याही द्यायची. पण एकदा तिने उजव्या पायाच्या अंगठ्याला हल म्हटलं आणि तो हलला. दुसऱ्या दिवशी काका ती गोष्ट पिंजऱ्यागणिक सांगत फिरले, म्हणजे चोवीस वेळा.

माझी कुरकुर ऐकून त्यांनी घरून एक बाटली आणली. शिलाई मशीनचं तेल. "तिच्या मशीनला आता लागत नाही," म्हणाले, आणि माझ्या कण्यात दोन थेंब सोडले.

मॅडम नेमकं काय शोधताहेत हे काकांनी एकदा विचारूनच घेतलं.

"काका, व्यायाम केला की दंड, मांड्या भरतात हे सगळ्यांना दिसतं," मॅडम म्हणाल्या. "पण स्नायू काही आपल्या मनाने हलत नाहीत. पाठीच्या कण्यात मज्जारज्जू असतो, त्यात नसांच्या पेशी असतात. मेंदूची हाक आधी त्यांना येते. त्या पुढे हुकूम देतात, तेव्हा पाय हलतो. माझं म्हणणं असं की व्यायामाने या पेशीसुद्धा बदलतात."

"म्हणजे जाड होतात?"

"जाड नाही हो. तरतरीत होतात. वरून हलकीशी हाक आली तरी ओ देतात. बसून राहिलेल्याची पेशी मात्र सकाळी शाळेला उठवायच्या पोरासारखी. दहा हाका मारा, कूस बदलते आणि पुन्हा झोपते."

काकांच्या हातातली बादली तशीच राहिली. "आणि ज्याची वरून येणारी हाकच बारीक झालीय, त्याचं काय?"

कुणाबद्दल विचारताहेत ते मॅडमना कळलं. "त्याला तर हे जास्तच हवं. काकूंचा व्यायाम थांबवू नका," त्या म्हणाल्या.

तो शब्द काकांनी वेदवाक्य मानला. इथवर सगळं बरं होतं. घोटाळा झाला तो पुढे, आणि झाला तोही काकांनी मॅडमवर पुरता विश्वास ठेवला म्हणून.

खालच्या फळीवर, बरोबर माझ्याखालच्या पिंजऱ्यात, काळ्या शेपटीचा एक गुबगुबीत उंदीर होता. दिवसभर कोपऱ्यात अंग टाकून पडलेला. काका पेंढा बदलताना त्याच्याकडे बघत राहायचे. एक दिवस ते बोलले, "घरी तिला मी दोन वेळा हलवतो. आणि तुला काय नुसतं गंजत ठेवायचं? बसून बसून तुझ्या पेशी झोपायच्या आणि मी वर पाणी भरत बसायचं? हे पाप माझ्याकडून नाही व्हायचं."

संध्याकाळी पाच ते सहा ही साफसफाईची वेळ. तेव्हा मॅडम वर वर्ग घ्यायला जायच्या. काकांनी माझा हिरव्या शेपटीचा उंदीर टबात ठेवला आणि त्या गुबगुबीत जिवाला माझ्यावर सोडलं. पहिल्यांदा तो सळया धरून नुसता थरथरला. मग एक पाय टाकला, मग दुसरा. तिसऱ्या दिवसापर्यंत तो असा सुटला की टबातला हिरवा कान टवकारून बघत राहिला. मलाही बरं वाटलं, खोटं का बोलू? आठवड्याभरात काकांनी बाराही बसणाऱ्यांना रोज एक तास चाकावर घालायला सुरुवात केली.

आणि त्यांचा प्रामाणिकपणा बघा. चाकावर घालण्याआधी ते आमची बाराही लोहचुंबकं काढून ठेवायचे. "आकडा पळणाऱ्यांचाच पडला पाहिजे. मॅडमची मेहनत आहे ती, तिच्यात भेसळ नको," असं म्हणायचे. चुंबकं ठेवायला बायकोच्या गोळ्यांची रिकामी डबी होती. आत सगळी एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा व्हायचा. तासाभराने ती मोजून पुन्हा जागच्या जागी लावायचे. चुंबक जपलं आणि प्रयोग बुडवला. बसणारे बसलेलेच राहिले पाहिजेत, नाहीतर पळणाऱ्यांशी तुलना कशाची करणार, हे त्या भल्या माणसाच्या डोक्यात आलंच नाही.

मला कळत होतं. मी माझ्या परीने ओरडत होतो. वर्गातून मॅडम लवकर उतरल्या असत्या तर दारातच त्यांना माझी 'कुंई' ऐकू आली असती आणि सफाईच्या वेळी सात नंबर का फिरतोय असा प्रश्न पडला असता. पण मी ओरडलो की काका तेलाची बाटली काढायचे. माझं तोंड त्यांनी मायेने बंद केलं.

बारा आठवडे संपले. मग एकेका उंदराला झाकणाच्या टबातून वर नेऊ लागले. वर त्यांना बेशुद्ध करायचे, केसाहून बारीक काचेची सुई कण्यातल्या पेशीत घालायचे आणि ती किती हाकेला ओ देते ते मोजायचे. उंदीर त्या झोपेतून परत उठायचा नाही. टब न्यायची वेळ झाली की काका भिंतीकडे तोंड करून नळ सोडायचे. माझा हिरवा मंगळवारी गेला, गुबगुबीत काळा गुरुवारी. काय सांगू, मला त्या दोघांची पावलं वेगवेगळी ओळखता यायची.

महिन्याभराने मोठे सर स्वतः खाली आले. मॅडम मागोमाग, पडलेल्या चेहऱ्याने. काका कोपऱ्यात फरशी पुसत होते.

"फरक शून्य," सर म्हणाले. "पळा नाहीतर लोळा, कण्यातल्या पेशीला काही सोयरसुतक नाही. दीड वर्ष याच्यात घालवलंत तुम्ही."

"सर, कुठेतरी चूक झालीय. मला पुन्हा एकदा करू द्या."

"पुन्हा म्हणजे आणखी चोवीस उंदीर. बघा बाई, तुमची हौस." आणि ते निघून गेले.

मॅडम पिंजऱ्यांच्या फळीला कपाळ टेकून उभ्या राहिल्या. काका फडकं हातात घेऊन जवळ गेले. "मॅडम, म्हणजे व्यायामाचा काही उपयोग नाही?"

मॅडमनी वर पाहिलं नाही. "आकडे तरी तसंच म्हणतात, काका."

दमलेल्या माणसाचं एक वाक्य. त्यांनी तेव्हा मान वर केली असती तर समोरच्याचा चेहरा त्यांना दिसला असता. त्या दिवशी काका मला नळाखाली घासत राहिले, घासून घासून माझा वरचा मुलामा गेला. शेवटी पुटपुटले, "मग मी तिला रोज रडवतोय ते कशासाठी?"

मग आम्ही कपाटात गेलो. बाहेर काढलं तेव्हा नवे चोवीस जण आले होते. पुन्हा हिरव्या रेघा, काळ्या रेघा. काका तेच, पण बोलणं कमी झालेलं. बसणाऱ्यांना त्यांनी या वेळी हात लावला नाही. "उपयोगच नाही तर तुम्हाला तरी कशाला दमवायचं?" एवढंच म्हणाले.

घरचंही कळलं. व्यायाम त्यांनी बंद केला होता. बायकोला सांगितलं होतं, शास्त्रानेच सांगितलंय, आता तुला त्रास देणार नाही. ती पहिले काही दिवस शांत झोपली. काकांनाही आपण तिच्यावर दया केली असं वाटलं. मग पाय काड्यांसारखे वाळले, एक गुडघा आखडला, टाचेला जखम झाली. "अंगठा हलव म्हटलं," ते मला सांगत होते, "तर म्हणाली, कुठाय अंगठा?" 

दुसरे बारा आठवडे संपले. टब वर गेले. काका एका दुपारी रिकामे पिंजरे धूत होते, चुंबकं काढून डबीत भरलेली होती, आणि मॅडम जिन्यावरून धावतच खाली आल्या.

"काका! फरक आला! चांगला ठसठशीत आला! पळणाऱ्यांच्या पेशी पहिल्या हाकेला ओ देतात. बसणाऱ्यांच्या बघाल तर मख्ख. मी म्हणत नव्हते?"

काकांनी नळ बंद केला. "मग मागच्या वेळी का नाही आला?"

"तेच तर कोडं आहे. सगळं तसंच होतं. तोच खुराक, तीच चाकं, तुम्हीच."

"मॅडम," काका सावकाश म्हणाले, "बसणारे रोज तासभर पळाले असते तर?"

"तर ते बसणारे कसले, काका? मग फरक दिसणार कसा?" त्या हसल्या. मग त्यांचं हसू गेलं.

काकांनी खिशातून गोळ्यांची डबी काढली, उघडली आणि चुंबकांचा तो गोळा टेबलावर ठेवला. टेबल लोखंडी होतं. टक्कन आवाज आला आणि गोळा तिथेच चिकटून बसला.

"सगळ्यांना पळवलंत?"

"एकालाही वगळलं नाही. आकडे नासू नयेत म्हणून ही काढून ठेवायचो."

मॅडम उपड्या बादलीवर बसल्या. त्यांची नजर त्या गोळ्यावर होती. "चोवीस जीव फुकट गेले, काका," त्या म्हणाल्या. आवाजात राग होता, तो असायलाच हवा होता. मग एकदम त्यांनी मान वर केली. "आणि काकू? तुम्ही काकूंचा व्यायाम चालू ठेवलाय ना?"

काकांनी रिकाम्या डबीचं झाकण लावलं, पुन्हा काढलं.

"काका?"

"तुम्हीच म्हणालात, आकडे तसंच म्हणतात."

मी त्या खोलीत पुष्कळ काही पाहिलं, पण त्या दोघांचे चेहरे जसे झाले तसं काही पाहिलं नाही. एकाने दया केली होती आणि एकीने खरं तेच सांगितलं होतं. दोष द्यायचा म्हटलं तर दोघांनाही आपापला वाटा पुरेसा होता.

"सात महिने झाले," काका म्हणाले. "आता सुरू केलं तर होईल?"

"सुरू करा. आजच करा."

"होईल का, ते विचारतोय."

मॅडमनी ओठ चावला. "बसवून ठेवलेल्यांना मागाहून पळवून मी बघितलेलं नाही. खोटी आशा कशाला दाखवू?"

दोनच दिवसांनी प्लॅस्टिकची नवी चाकं आली. गुळगुळीत, बिनआवाजाची. आम्हा बाराजणांना भंगारात काढलं. काकांनी मला ढिगातून उचललं, फडक्यात गुंडाळलं आणि घरी आणलं. का आणलं ते त्यांनी सांगितलं नाही. मला वाटतं, ज्याच्या डोळ्यांदेखत चूक घडली त्याला भंगारात टाकायचं त्यांच्या जिवावर आलं असावं.

बायकोने मला बघितलं. "हे काय आणलंत? मला पळवायचा विचार आहे की काय?" जीभ तिची अजून शाबूत होती. कमरेखाली जेवढं गेलं तेवढं सगळं तिच्या जिभेत आलं होतं.

मग काकांनी पलंगाच्या कडेला बसून सगळं सांगितलं. गुबगुबीत उंदीर, डबी, शून्य, आणि मग आलेला फरक. काही लपवलं नाही. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हणजे उंदरांना पळवलंत आणि मला बसवलंत."

काकांनी मान खाली घातली. तिने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला नाही, आणि त्यांना दूरही लोटलं नाही. मग म्हणाली, "रडू नका आता. खुर्ची आणा."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी हाच नेम आहे. काका तिला उचलून मशीनसमोरच्या खुर्चीवर बसवतात आणि तिची पावलं पॅडलवर ठेवतात. आपण खाली फरशीवर बसतात, दोन्ही हातांनी तिचे घोटे धरतात आणि दाबतात. टाच, चवडा, टाच, चवडा. वर मशीनचं चाक फिरतं, सुई दोऱ्याशिवाय खालीवर होते. मशीनच्या चाकावर एक चुंबक चिकटवलंय, त्या डबीतलंच. ते वर आलं की काका एक आकडा मोजतात. साठपर्यंत जातात. ती दात आवळून बसते. आता ती शिव्या देत नाही, आणि काकांना ते जास्त लागतं.

"आज शेवटचे दहा तूच फिरवलेस," काका म्हणतात.

"हो का?" ती म्हणते, आणि खिडकीकडे, माझ्याकडे बघते.

मला ठाऊक असतं. जन्म गेला माझा यात. हाताने फिरवलेलं चाक एका लयीत फिरतं. पायाने फिरणारं अडतं, सैल पडतं, पुन्हा उसळतं. मशीनचं चाक मी रोज ऐकतो. ते अगदी एका लयीत फिरतं.

फक्त परवा, एकेचाळिसाव्या फेऱ्याला, ते किंचित अडखळलं. तो तिचा अंगठा असेल. किंवा काकांचं मनगट दमलं असेल. तेही आता साठीला आलेत. त्यांचे हात तिथे आहेत तोवर मलासुद्धा ते सांगता येत नाही. तिलाही ते जाणवलं असावं, कारण ती खाली वाकून म्हणाली, "अहो, हात काढा ना एकदा. बघू तरी."

"उद्या," काका म्हणाले.

काल तिने पुन्हा म्हटलं. काल पण उद्याच झालं. हात काढले आणि चाक थांबलं तर काय, ही भीती त्यांच्या पाठीवरून मला इथून दिसते. मला ती समजते. पण माझं तोंड एकदा बंद राहिलं, आणि त्याची किंमत या खोलीत समोर पडली आहे.

आता मला कुणी तेल घालत नाही. गंजलोय, वाऱ्याने हललो तरी कुरकुरतो. ही कुरकुर कुणाला कळली तर तिचा अर्थ एवढाच. काका, तुम्ही मायेने बसणाऱ्यांना पळवलंत, मायेनेच हिला बसवलंत, आणि आता मायेनेच तिचे पाय धरून बसला आहात. थांबलं तर थांबू दे चाक. तिचं काय होणार ते तिला तरी कळू दे.

संध्याकाळ झाली. काकांनी खुर्ची आणली, पावलं पॅडलवर ठेवली, घोटे धरले. चाळीस फेरे झाले. ती म्हणतेय, "अहो, हात काढा."

काका, हात काढा.